ज्या बाळाला दिसत नाही, त्याच्या हाती काय द्यावे?

वस्तीत एखादे बाळ दृष्टी नसलेले जन्माला आले, की घरात दोन गोष्टी सुरू होतात. एक, दवाखान्यांची आणि भगतांची धावपळ. दुसरी, बाळाला जपणे. लागू नये म्हणून त्याला कोणी मोकळे सोडत नाही. कोपऱ्यात गोधडी अंथरून बसवतात. घास भरवतात, कपडे चढवतात, उचलून नेतात, उचलून आणतात. ‘डोळे बरे झाले की शिकेल’, ‘मोठा झाला की अंधशाळेत घालू’ असे म्हणता म्हणता चार-पाच वर्षे निघून जातात. तोवर पोर चालायला उशीर लावते, बोलते कमी, कशाला हात लावायला सांगितले की हात आखडून घेते. मग शेजारपाजारचे म्हणतात, डोळ्यांबरोबर डोकेही अधू आहे.

बहुतेक वेळा डोके अधू नसते. त्या डोक्यापर्यंत जग पोचलेलेच नसते. ते पोचवायचे काम हात, कान, नाक, जीभ आणि पायाचे तळवे करू शकतात, पण त्यांच्यापर्यंत वस्तू कोणी तरी आणून द्यावी लागते. ती कोणती, कशी बनवायची आणि केव्हा द्यायची, हा या महिन्याचा विषय.

आधी डोळे दाखवा

खेळण्यांकडे वळण्याआधी औषधपाण्याचे सांगून टाकतो, कारण त्यात दिवस मोजावे लागतात. बाळाच्या बुबुळाच्या मधोमध काळ्याऐवजी पांढरे दिसले, किंवा मोबाईलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक आली, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो. त्याची शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन महिन्यांत झाली तर नजर येण्याची आशा मोठी असते, उशीर झाला तर मेंदू पाहायला शिकत नाही. कधी ती डोळ्यातली कर्करोगाची गाठही असते, आणि तिथे बाळाचा जीवच पणाला लागलेला असतो. तीन महिन्यांचे बाळ आईच्या चेहऱ्याकडे किंवा दिव्याकडे नजर वळवत नसेल, बुबुळे सारखी थरथरत असतील, डोळा फार मोठा दिसत असेल आणि उजेडात पाणी गळत असेल, तरी थांबू नका.

दोन किलोहून कमी वजनाचे किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेले बाळ असेल, तर त्याच्या डोळ्याचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो. बाळ वरून चांगले दिसते, डोळेही उघडते, म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि पडदा आतून सुटत जातो. काचेच्या पेटीत ठेवलेल्या प्रत्येक बाळाच्या आईने घरी जाताना विचारावे, ‘डोळ्याचा पडदा कधी तपासायचा?’

अ जीवनसत्त्वाचा डोस नवव्या महिन्यात आणि मग दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, असे एकूण ९ डोस फुकट मिळतात. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, अंडे हे ताटात असावे. डोळ्यात मात्र काही घालू नका. काजळ नको, मध नको, पाल्याचा रस नको, अंगारा नको, आईचे दूधही नको.

आणि एक बोलायलाच हवे. ‘ग्रहणात हिने भाजी चिरली म्हणून झाले’, ‘मागल्या जन्मीचे पाप आहे’ असली वाक्ये अजून आपल्या घरांतही ऐकू येतात. आईला गरोदरपणी रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो. जवळच्या नात्यात, मामाच्या मुलीशी वगैरे लग्ने होत गेली, तर काही डोळ्यांचे आजार उतरण्याची शक्यता वाढते. ही कारणे आहेत. विळी आणि ग्रहण यांचा त्यात संबंध नाही. बाळंतिणीला दोष देणाऱ्या सासूबाईंना हे पान वाचून दाखवायला हरकत नाही.

न दिसणारे बाळ गप्प का पडते?

डोळस बाळाला समोर चकाकती वाटी दिसते. ती हवी म्हणून ते हात पुढे करते, पालथे पडते, सरकते, रांगते. म्हणजे त्याला हलायला लावते ती वाटी. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी आवाज न करणारी वाटी तिथे नसतेच. हातातून खुळखुळा निसटला, की तो घरंगळला नाही, तो संपला. पुन्हा शोधायचे असते हेच त्याला ठाऊक नसते. आपण म्हणतो, आवाज येतोय ना, घे की. पण आवाज म्हणजे हात लावता येईल अशी वस्तू, हे समजायला अशा बाळाला जवळजवळ वर्ष लागते. डोळस बाळाला जे आयते कळते ते याला शंभर वेळा हाताला लागून कळवावे लागते.

आणखी एक गोष्ट आयांना फार लागते. आई बोलली की डोळस बाळ हातपाय उडवते, हसते. हे बाळ मात्र एकदम निश्चल होते. आईला वाटते, मला ओळखत नाही. तसे नसते. ते कान देऊन ऐकत असते. त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे नव्हे, बोटांकडे पाहा. बोटे हलत असतात.

म्हणून खेळण्यांचा पहिला नियम आम्ही असा धरला आहे: वस्तू बाळाकडे आली पाहिजे, हातातून सुटली तरी जवळच राहिली पाहिजे, आणि रोज त्याच जागी सापडली पाहिजे.

डेन्मार्कच्या लिली निल्सन या बाईंनी हाच विचार करून एक छोटी ‘खोली’ बनवली. त्यांची स्वतःची भावंडे अंध होती. बाळ निजल्यावर त्याच्या अंगाभोवती येईल असा तो खोका असतो. त्यात वरून निरनिराळ्या वस्तू टांगलेल्या असतात. बाळाने हात हलवला की काही तरी लागते, वाजते, परत जागेवर येते. दुसऱ्यांदा हलवला की तेच पुन्हा. कोणी काही शिकवत नाही, बाळ स्वतः ताडून पाहते. जगभर अशा खोल्या विकत मिळतात आणि त्या महाग असतात. आपल्याकडे खाट आहे. खाटेच्या दोन पायांना किंवा दोन खुर्च्यांना आडवी काठी घट्ट बांधा. तिला लाकडी चमचा, स्टीलचा पेला, करवंटी, जुन्या किल्ल्यांचा जुडगा, चिंचोके भरून झाकण पक्के बसवलेली छोटी बाटली, काथ्याचा झुबका अशा पाच-सहा वस्तू पक्क्या इलॅस्टिकने टांगा. बाळ पाठीवर निजले की त्याचा हात सहज पोचेल इतक्या खाली. दोरी वीतभरच ठेवा, लांब दोरी गळ्याभोवती बसू शकते, आणि बाळ एकटे असताना ही काठी काढून ठेवा. वस्तूंची जागा बदलू नका. उजवीकडे चमचा तर महिनाभर उजवीकडेच चमचा. एक दिवस बाळ चमच्यासाठी नेमका उजवा हात उचलेल. त्या दिवशी त्याला ‘तिकडे’ म्हणजे काय ते कळले.

हरसूलच्या बाजारातली पिशवी

अशा मुलांसाठीची खेळणी शहरातल्या मोठ्या दुकानांत मिळतात, त्यांच्या किमती वाचूनच आपण मागे फिरतो. म्हणून आम्ही हरसूलच्या आठवडे बाजारात एक रिकामी पिशवी घेऊन फिरलो. अट एकच ठेवली, पिशवीत पडेल ती वस्तू डोळे मिटून ओळखता आली पाहिजे. खेळण्यांच्या गाडीवर डोळे मिटून हात फिरवला. प्लॅस्टिकचा हत्ती, घोडा, कुत्रा तिन्ही सारखेच लागले: गुळगुळीत, पोकळ, हलके, एकाच वासाचे. हत्ती हा डोळ्यांसाठी हत्ती आहे, हाताला तो चार खुंट्यांचा डबा आहे. एकही पिशवीत पडला नाही.

त्याउलट दहा पावलांवर बांबूच्या टोपल्या, सुपे आणि परड्या होत्या. नागली, वरई, उडीद, भात होता. काथ्या, सुतळी, गोणपाट होते. लाकडी पळी, मातीची पणती, नारळ, आले, सुकी मिरची (ती लगेच परत ठेवली, कारण हात डोळ्याला जातो), घुंगरांची माळ, कांगवा, दाराची कडी. पिशवी भरली आणि शंभराच्या नोटेतून सुटे पैसे परत आले. हे सामान घेऊन वस्तीतल्या बायकांबरोबर एक दुपार बसलो. त्यातून जे जमले ते इथे सांगतो.

पहिले म्हणजे सूप किंवा परात. खेळायला द्यायची वस्तू जमिनीवर नको, परातीत द्या. परातीला कडा असतो, त्यामुळे वस्तू पळत नाही, आणि पितळी किंवा स्टीलची परात प्रत्येक वस्तू पडल्याचा वेगळा आवाज देते. बाळ बसायला लागले की परात दोन पायांत ठेवायची. तीन वस्तू पुरेत. सगळा बाजार एकदम ओतला तर मूल गोंधळते. आठवड्याने एक वस्तू बदला, दोन जुन्या ठेवा.

दुसरे, डब्यांच्या जोड्या. एकसारख्या झाकणाच्या सहा छोट्या डब्या घ्या. दोन डब्यांत मूठभर नागली, दोघींत उडीद, दोघींत चिंचोके. झाकणे चिकटवून वरून कापडी पट्टी शिवा. हलवून जोडी लावायची. नागलीचा आवाज पावसाच्या भुरभुरीसारखा, चिंचोक्यांचा टकटक. तीन वर्षांच्या पोराला हा खेळ जमतो, आणि पुढे अक्षरांतले बारीक फरक ऐकायला हाच कान उपयोगी पडतो. घरातल्या डोळस भावंडांनी डोळे बांधून खेळले तर तेही हरतात. त्यांनी जरूर हरावे.

तिसरे, पोताच्या जोड्या. पोत म्हणजे हाताला लागणारा पृष्ठभाग. गोणपाट, पैठणीचा किंवा साध्या रेशमी साडीचा काठ, गोधडीचा जाड टाका, पॉलिश पेपर, रबरी चपलेचा तुकडा, सुती धोतर. तळहाताएवढे तुकडे पुठ्ठ्यावर प्रत्येकी दोन चिकटवायचे. पॉलिश पेपर बारीक घ्या, खरबरीत घेतला तर बोट सोलते आणि मूल पुन्हा हात लावणार नाही. बोटांची कातडी मऊ राहिली पाहिजे. पुढे तीच वाचणार आहे.

चौथे, चेंडू. फाटक्या गोधडीच्या चिंध्यांचा नारळाएवढा चेंडू, आत चार-पाच घुंगरे, वरून दुहेरी शिवण. घुंगरू बाहेर येता कामा नये. भिंतीशी पाय पसरून बसायचे, समोर भावंड. चेंडू येताना वाजतो, पायांत अडतो, निसटत नाही. अंधांच्या क्रिकेटमध्येही असाच वाजणारा चेंडू असतो, कडक प्लॅस्टिकचा आणि आत लोखंडी छर्रे असलेला. त्या चेंडूवर खेळून भारताच्या संघाने २०१२ साली अंधांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला.

धोक्याचेही इथेच सांगतो. बाळाच्या मुठीत पूर्ण लपेल इतकी बारीक वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला सुटी देऊ नये, कारण अशी मुले वस्तू ओळखण्यासाठी इतरांहून जास्त काळ तोंडात घालतात. तोंडात घालू नको म्हणून रागावू नका, धुऊन द्या. गुंज आणि एरंडाच्या बिया विषारी आहेत, दिसायला कितीही छान असल्या तरी खुळखुळ्यात भरू नका. प्लॅस्टिकची कॅरीबॅग वाजते म्हणून देऊ नका, ती तोंडावर बसली तर श्वास कोंडतो. बटणासारखा चपटा सेल असलेले खेळणे घरात आणूच नका, गिळला गेला तर अन्ननलिका जाळतो. दुकानातले खेळणे घेतलेच तर आयएसआयचे चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ते खेळण्यांवर सक्तीचे आहे.

आधी खरा बैल, मग मातीचा

आता जिथे बहुतेक घरे आणि काही शिक्षकही घसरतात, ते सांगतो. अंध मुलाला मातीचा बैल देऊन ‘हा बैल’ म्हटले, तर त्याच्या मनात बैल म्हणजे वीतभर लांबीची, थंड, न हलणारी वस्तू. मग गोठ्यातून जो ऊन श्वास आणि घंटेचा आवाज येतो तो कोणाचा? लहान प्रतिकृती ही डोळस माणसाची सोय आहे. मूळ वस्तू आपण पाहिलेली असते म्हणून आपल्याला ती पटते.

तेव्हा आधी गोठ्यात न्या. शांत जनावर पाहा, घरच्या माणसाने वेसण धरावी. तुमचा हात बैलाच्या पाठीवर आणि बाळाचा हात तुमच्या हातावर ठेवा. वशिंड, शिंग, कानाची लव, ओले नाक. कडेवर घेऊन शेपटीपासून तोंडापर्यंत चाला, म्हणजे बैल किती लांब असतो ते पायांना कळेल. दोन-तीनदा असे झाल्यावर पोळ्याचा मातीचा बैल हाती द्या आणि शिंग दाखवा. मग मूल स्वतःच वशिंड शोधेल. झाड, विहिरीचा काठ, एसटीची पायरी, मोटारसायकल (थंड असताना), सगळ्यांना हाच क्रम. आंबासुद्धा आधी झाडाला हात लावून, मग कैरी, मग पिकलेला, मग कोय. कोय धुऊन वाळवून परातीत ठेवा.

हाताबद्दल एक सूचना फार महत्त्वाची आहे. बाळाचा पंजा धरून एखाद्या वस्तूवर दाबू नका. त्याचे हात हेच त्याचे डोळे आहेत. तुमचे डोके धरून कोणी ओल्या, खरबरीत वस्तूत खुपसले तर कसे वाटेल? आपला हात खाली, त्याचा वर. तो हवा तेव्हा बोटे सरकवून वस्तूला हात लावेल, नको तेव्हा मागे घेईल. असे केले की हात आखडणारी मुलेही हळूहळू पुढे येतात. भिजवलेल्या पिठाची किळस आली तर आधी कोरडे पीठ द्या.

काही मुले बोटाने डोळे सारखी दाबतात किंवा झुलत बसतात. मारून ती सवय जात नाही. हातांना काम दिले की कमी होते: शेंगा सोलणे, मेथी निवडणे, पिठाचा गोळा मळणे, बाटलीची झाकणे फिरवणे, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढून परडीत टाकणे. आम्ही तर म्हणू, यासारखे शैक्षणिक साहित्य नाही. यात बोटांत बळ येते, दोन्ही हात मिळून काम करतात, आणि पोर घरच्या कामात धरले जाते.

घर हेच मोठे खेळणे

आत येणाऱ्याने बाळाला आधी नाव सांगावे. ‘ओळख पाहू मी कोण?’ हा पाहुण्यांचा आवडता खेळ बाळाला छळणारा असतो. आईने एकाच हातात काचेच्या दोन बांगड्या ठेवल्या, आजीने आपली बोरमाळ हाती दिली, तर बोलण्याआधीच माणूस कळते.

दारे पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद असावीत. अर्धवट दाराची कड कपाळाला लागते. हंडा, पाट, चपला यांच्या जागा ठरवा आणि घरातल्या सर्वांनी त्या पाळा. मोरीच्या दाराला गोणपाटाचा तुकडा, झोपायच्या खोलीला रेशमी काठ बांधा. चुलीभोवती विटांची एक रांग लावली आणि ‘वीट लागली की थांब’ हे शिकवले तर भाजायचे टळते. भिंतीला बाळाच्या कमरेइतकी उंच सुतळी दारापासून ओट्यापर्यंत ताणून बांधा, ओट्याशी एक गाठ मारा. एका हाताने सुतळी धरून मूल एकटे ओट्यावर जाते. चालायला लागताना पुढे ढकलायला प्लॅस्टिकचे स्टूल उलटे करून द्या. स्टूल भिंतीला आपटते, मूल नाही. पुढे पांढरी काठी हातात येईल तेव्हा तिचे काम त्याला आधीच ठाऊक असेल.

थोडे दिसत असेल तर

‘अंध’ म्हटलेल्या पुष्कळ मुलांना काही ना काही दिसत असते: उजेड, सावली, हलणारी वस्तू, ठळक रंग. ते जे काही उरले आहे ते वापरल्याने संपत नाही. वापरल्याने मूल त्याचा उपयोग करायला शिकते. वस्तू डोळ्याशी अगदी जवळ धरली म्हणून डोळा बिघडत नाही, धरू द्या. बाळाला खिडकीकडे पाठ करून बसवा, म्हणजे उजेड वस्तूवर पडेल, डोळ्यांवर नाही. पांढरा भात स्टीलच्या चकाकत्या ताटात दिसत नाही, गडद निळ्या किंवा लाल ताटलीत दिसतो. काळ्या कापडावर पिवळा चेंडू सर्वांत ठळक. परातीत काळे कापड अंथरले की तीच परात दोन कामे करते. चष्मा मिळाला असेल तर तो ट्रंकेत जपून ठेवू नका. तो बाळाच्या नाकावर असला पाहिजे, तुटला तरी चालेल.

बोटांनी वाचायची पुस्तके

चार वर्षांच्या आसपास गोधडीचे पुस्तक शिवा. वीतभर लांबी-रुंदीची सहा कापडी पाने, मध्ये दुहेरी टाका. चित्रे काढायची नाहीत, वस्तू शिवायच्या. चौदा एप्रिलच्या पुस्तकात आम्ही असे केले: पहिल्या पानावर नव्या पांढऱ्या सदऱ्याचा तुकडा आणि एक मोठे बटण, दुसऱ्यावर मेणबत्तीचा जाड तुकडा कापडी खिशात, तिसऱ्यावर छोट्या काडीला निळा झेंडा, चौथ्यावर सुतळीने शिवलेले गोल चक्र, पाचव्यावर खिरीचा चमचा. मिरवणुकीला मूल खांद्यावर बसून गेलेले होते, त्यामुळे पानोपानी त्याला स्वतःचीच गोष्ट सापडते. रंगीत झेंड्याचे चित्र कोणी चिकटवले असते तर ते पान त्याच्यासाठी कोरे राहिले असते.

रेघ ओढायला पुण्याच्या अरविंद गुप्तांची युक्ती घ्या. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्यात त्यांनी आयुष्य घालवले. अंध मुलांसाठी त्यांनी जी पाटी दाखवली तिच्यावर वेल्क्रोचा खरबरीत भाग बसवलेला असतो आणि पेन म्हणजे लोकर गुंडाळलेली डबी. लोकर वेल्क्रोला चिकटते, म्हणजे ओढलेली रेघ बोटाला लागते. चुकली तर लोकर गुंडाळून परत घ्यायची. वेल्क्रो शिवणकामाच्या दुकानात मीटरवर मिळते. लोकरीचा तुकडा नुसता हाताने चिकटवला तरी चालतो.

मग ब्रेल. ही लिपी फ्रान्समध्ये जन्मली, चामड्याचे काम करणाऱ्याच्या घरात. लुई ब्रेल याचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी झाला. बाप खोगीर आणि चामड्याचे सामान शिवायचा. तीन वर्षांचा लुई त्याच्या हत्याराशी खेळताना डोळ्याला जखम झाली, ती चिघळून दोन्ही डोळे गेले. त्याच्या चरित्रात असे सांगतात की बापाने फळीवर खिळे ठोकून त्याला अक्षरे शिकवली. म्हणजे पहिले साहित्य घरच्याच हातांनी बनले. पंधराव्या वर्षी, १८२४ साली, लुईने सहा ठिपक्यांची लिपी उभी केली. आपल्याकडे १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरले. मराठी मुलेही त्यातच शिकतात.

अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधून सहा खळग्यांचा तुकडा कापा, दोन रांगा, प्रत्येकी तीन खळगे. डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेत ४, ५, ६. खळग्यात लिंबू ठेवायचे. फक्त १ मध्ये लिंबू, तो ‘अ’. १ आणि २, तो ‘ब’. १ आणि ३, तो ‘क’. १, ३ आणि ४, तो ‘म’. १, २ आणि ३, तो ‘ल’. तीन तुकडे ओळीने ठेवले की ‘कमल’ लिहून होते. हे आईला एका दुपारी येते, आणि आलेच पाहिजे, नाहीतर मूल शाळेतून आणलेले पान घरी कोणाला दाखवणार? लिंबांनंतर चिंचोके, मग पुठ्ठ्यावर चिकटवलेले उडीद, आणि शेवटी कागदावरचे बारीक ठिपके. घाई नको. चार-पाच वर्षांच्या मुलाला खळग्याची जागा बरोबर सांगता आली तरी पुष्कळ झाले.

कोणाकडे जायचे

मुंबईत १९०० साली ॲना मिलार्ड या मिशनरी बाईंनी अंध मुलांची शाळा सुरू केली. आज दादरला कमला मेहता यांच्या नावाने ती चालते. तेव्हा अशा मुलाला घर सोडूनच शिकावे लागे. आता कायदा वेगळा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा आपण निवडू त्या विशेष शाळेत फुकट शिक्षणाचा हक्क दिला आहे. सहाच्या आधी अंगणवाडी आहे. दिव्यांग बालकांना अंगणवाडीत कसे सामावून घ्यायचे याची कार्यपद्धती केंद्र सरकारने २०२३ साली काढली. ‘याला नको आणू, पडेल’ असे कोणी म्हणाले तर परात, डब्या आणि चेंडू घेऊनच मुलाला तिथे बसवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासायला येते. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरहूनच सुरू झाला. आशाताईंना तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. हरसूलला ग्रामीण रुग्णालय आहे, तिथून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड लहानपणीच काढा. पंचायत समितीच्या गटशिक्षण कार्यालयात समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांबद्दल विचारा. ब्रेलची पाटी आणि पुस्तके कशी मिळतील तेही तिथेच विचारा.

अंधांसाठी काम करणारी ‘नॅब’ ही संस्था १९५२ साली मुंबईत स्थापन झाली. तिचे नाशिकचे केंद्र सातपूरला आहे, आणि त्र्यंबकच्या रस्त्याने नाशिकला जाणारी गाडी सातपूरवरूनच जाते. जाताना बाळ घरी ज्या दोन-तीन वस्तूंशी रोज खेळते त्या पिशवीत घाला. नव्या जागी, नव्या आवाजात बाळ बुजते आणि त्याला काहीच येत नाही असे वाटू लागते. ओळखीचा पेला हातात आला की ते मोकळे होते, आणि त्याला काय येते ते तपासणाऱ्या ताईंना समोर दिसते.